सात तारखेची साक्ष

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

प्रार्थना करून सुरू केलेल्या कामात चूक झाली, तर ती चूक कोणाची? दोन आठवडे हा एकच प्रश्न घेऊन मी फिरते आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढे जाता यायचं. हा सोडताही येत नाही.

रुग्णालयात मी नेमकं काय करते, असं तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी 'खूप काम असतं' एवढंच लिहिलं. आता नीट सांगते. आमचा विभाग तळघरात आहे. शस्त्रक्रियेची वापरलेली हत्यारं एका खिडकीतून आत येतात आणि स्वच्छ होऊन दुसऱ्या खिडकीतून वर जातात. मधे आम्ही. आधी धुवायची, मग दिव्याखाली एकेक कात्री उघडून तिच्या सांध्यात काही अडकलंय का ते बघायचं, मग दुहेरी कापडात बांधायची, मग वाफेच्या यंत्रात. यंत्र कपाटाएवढं आहे, लोखंडी दार, दाराला चाक. ते चालवणाऱ्यांना सगळे वाफकाका म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. यंत्राशी बोलतात, माणसांशी कमी.

रोज सकाळी पहिला घाणा लावण्याआधी रिकाम्या यंत्राची परीक्षा घ्यायची, हे माझं काम. कापडाच्या गाठोड्यात एक कागदी पट्टी ठेवायची. वाफ गाठोड्याच्या पोटापर्यंत पोचली तर पट्टी काळी होते. ती वहीत चिकटवायची आणि खाली सही करायची. माझी सही नसेल तर खिडकीतून काही वर जात नाही. हे मी आईला सांगितलं, तर तिने शेजारी जाऊन सांगितलं की आमची मुलगी डॉक्टरांना थांबवते.

पट्टीच्या आधी प्रार्थना. तुझी मैत्रीण सिस्टरबाई, आमच्या विभागाच्या मुख्य, ज्यांच्या शब्दावर मला ही नोकरी मिळाली, त्या यंत्राच्या दारावर हात ठेवतात, आम्ही सगळे मागे उभे राहतो. मला ते फार आवडायचं. वाटायचं, पदवी घेऊन मी योग्य जागी आले.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर एक बाळंतीण गेली. शस्त्रक्रिया करून बाळ काढलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप, नवव्या दिवशी संपली. तेवीस वर्षांची, म्हणजे माझ्याएवढी. तिची आई जिन्यात उभी होती. माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणाली, "तू देवाला मानणारी दिसतेस. माझी पोर कशाने गेली, तुला काही कळतं का गं?"

मी "नाही" म्हणाले आणि जिना उतरून खाली येऊन कात्र्या पुसत बसले.

म्हणून आत्या, मी बहुतेक साक्ष द्यायचं ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात, सात तारखेला. एवढ्या मोठ्या माणसांसमोर उभं राहून मी कधी बोललेली नाही, तुला माहीतच आहे. माझ्यासाठी प्रार्थना कर. बाकीचं नंतर लिहीन, आत्ता हात वळत नाही.

तुझी भाची


९ सप्टेंबर

आमच्या पदवीधर बाईसाहेबांना आत्याचा सलाम!

तुझी आई विचारत होती, फोनच्या जमान्यात तुम्ही दोघी पत्रं काय लिहिता. तिला सांग, फोनवर मला ऐकू येत नाही आणि शेजारणीला सगळं ऐकू येतं.

पोरी, तू साक्ष देणार! मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. उपासनेत चार ओळी म्हणायला सांगितल्या तर माझ्यामागे दडून रडणारी तू. प्रभू मुक्याला वाचा देतो म्हणतात ते खोटं नाही. बायकांच्या प्रार्थनासभेत मी सांगून टाकलं. बावीस बायका तुझ्यासाठी रोज सकाळी प्रार्थना करणार आहेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, साक्ष आटोपशीर दे. परवा आमच्या मंडळीत एका गृहस्थांनी साक्ष दिली ती त्यांच्या जन्मापासून सुरू झाली, आणि त्यांचं लग्न होईपर्यंत अर्धे लोक पेंगले. शेवटी पाळकसाहेबांनी मधेच मोठ्याने 'आमेन' म्हणून गाडी थांबवली. दुसरं, रडायचं असेल तर बोलून झाल्यावर रड. आधी रडलीस तर लोकांना फक्त रडणं लक्षात राहतं.

तुझ्या प्रश्नाचं काय एवढं घेऊन बसलीस? काम प्रभूचं, चूक माणसाची, क्षमा पुन्हा प्रभूची. त्या बिचाऱ्या आईला तू काय सांगणार होतीस? जन्ममरण आपल्या हाती आहे का? शिकलेल्या माणसाने सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यायला पाहिजे असं नाही.

आणि हो, तुझ्या सिस्टरबाईंनाही आनंदाची बातमी दिली. फोन शेजारणीच्या कानाला, तोंड माझं. मी ओरडून सांगितलं, "आमची पोरगी सात तारखेला साक्ष देणार आहे हो!" शेजारीण म्हणाली, पलीकडून कोणी बोलतच नाही. मग म्हणाली, "विचारतायत, कुठे देणार?" मी म्हटलं, कुठे म्हणजे? सगळ्यांसमोर! मग त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. कंठ दाटला असणार बिचारीचा. त्यांनीच तुला हाताला धरून तिथे नेलं ना.

मीही पुढच्या महिन्यात वीस तारखेच्या सुमारास तुमच्या शहरात येतेय. बारीकसं काम आहे, सिस्टरबाईंनीच जमवून दिलंय. आल्यावर सांगेन.

तुझी आत्या


१४ सप्टेंबर

आत्या,

तू काय करून बसलीस!

नाही, चूक माझीच आहे. आपल्या मंडळीत साक्ष म्हणजे प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं. तू तोच अर्थ घेणार, हे मला कळायला हवं होतं. मी 'चौकशी' हा शब्द मुद्दाम टाळला. तो लिहिला असता तर पुढचं सगळं लिहावं लागलं असतं. आता लिहिते.

तुझा फोन झाला त्याच दुपारी सिस्टरबाईंनी मला कापडाच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "साक्ष देणार म्हणे तू."

"कोण म्हणालं?"

"आत्या तुझी. फार खुशीत होती. मला आधी वाटलं, मंडळीत. मग तारीख ऐकली. सात तारखेला रविवार नाही गं."

सात तारखेला त्या बाळंतिणीच्या मृत्यूची चौकशी आहे. बाहेरचे एक मोठे डॉक्टर आणि आणखी दोघं. त्यांच्यासमोर मला बोलायचं आहे.

अकरा ऑगस्टच्या सकाळी मी पट्टी काढली तर ती मधोमध फिकट होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी. वाफ गाठोड्याच्या पोटात पोचलीच नव्हती. दाराचं रबर झिजलंय असं वाफकाकांनी सिस्टरबाईंना तीनदा तोंडी सांगितलं होतं. अशा वेळी यंत्र बंद ठेवायचं आणि वर कळवायचं असा नियम आहे. मी पट्टी घेऊन सिस्टरबाईंकडे गेले. वर सात बायका शस्त्रक्रियेसाठी उपाशीपोटी थांबल्या होत्या, त्यातल्या एकीचं बाळ अडलं होतं. दुरुस्तीवाला दुपारशिवाय येणार नव्हता. सिस्टरबाईंनी दारावर हात ठेवून प्रार्थना केली. अशी प्रार्थना, आत्या, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमेन झाल्यावर त्यांनी आपल्या खणातून एक काळी पट्टी काढली. जुनी, चांगल्या दिवसाची, अडीनडीला ठेवलेली. म्हणाल्या, "ही लाव. यंत्र तापलं की वाफ पोचेल. भरवसा ठेव आणि सही कर."

मी खरी पट्टी कचऱ्यात टाकली आणि काळी चिकटवून सही केली. वाफकाकांनी विचारलं, "काय गं, पास?" मी म्हटलं, "पास." त्यांनी घाणा लावला.

सातातल्या तिघींच्या जखमा चिघळल्या. दोघी वाचल्या. जिचं बाळ अडलं होतं ती गेली. बाळ आहे. थांबलो असतो तर बाळही गेलं असतं कदाचित. किंवा तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं असतं आणि दोघं जगली असती. मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही.

पण एक गोष्ट मला माहीत आहे. वहीत पट्टी काळी, खाली माझी सही. म्हणजे यंत्र सकाळी ठणठणीत होतं. मग जंतू राहिले कसे? एकच अर्थ निघतो, की वाफकाकांनी घाईत, पंधरा मिनिटं व्हायच्या आधीच दार उघडलं. त्यांना सक्तीच्या रजेवर घरी बसवलं आहे. माझ्या सहीने बसवलं आहे.

सिस्टरबाई म्हणाल्या, "तू वहीत आहे तेवढंच सांग. वही खोटं बोलत नाही."

"सिस्टर, वहीच तर खोटं बोलते."

"हळू बोल." मग बराच वेळ कापडाच्या घड्या सारख्या करत राहिल्या. "छत्तीस वर्षं या तळघरात गुडघे टेकलेत मी. एका सकाळसाठी सगळं पुसणार तू? आत्याला विचार. तीही तुला थांबच म्हणेल."

म्हणून विचारते. मी काय करू?

तुझी भाची


१९ सप्टेंबर

पोरी,

तुझं पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे तुझा आजा सांगायचा. आता बावीस बायका रोज एकेक करून विचारतात, मुलगी काय बोलणार गं? मी म्हणते, प्रभू जे सुचवेल ते.

मी सांगते ते शांतपणे ऐक. ती बाई गेली, ती परत येणार नाही. सिस्टरबाईंच्या हाताखालून हजारो बायका सुखरूप घरी गेल्या, त्यांची चौकशी कोणी केली का? एक सकाळ चुकली. चुकीच्या बुद्धीने नाही, सात जणी खोळंबल्या म्हणून. तू बोललीस तर त्या जातील, तूही जाशील, आणि घरात पहिल्यांदा आलेली पदवी भिंतीवरचा कागद होऊन बसेल. वाफकाकांचं काय, दोन वर्षांनी घरी बसायचेच होते. फार तर लवकर बसतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

क्षमा करायला शीक. सिस्टरबाईंना क्षमा कर, स्वतःला कर. आपल्याला तेच शिकवलं आहे ना?

आणि बोलायचंच असेल तर निदान वीस तारीख होऊन जाऊ दे. आजारी आहे म्हणून कळव, पुढची तारीख माग. का ते विचारू नकोस. कधी कधी मोठ्यांचं नुसतं ऐकावं.

आत्या


२५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र चारदा वाचलं. अक्षर तुझं आहे, बोलणं तुझं वाटत नाही. तीस वर्षं तू रुग्णालयाच्या चादरी धुतल्यास. डाग राहिलेली चादर कोणी घडीत दडवली तर तू सगळी घडी मोडायचीस आणि विचारायचीस, "घडी घातली म्हणून डाग जातो का?" मी शाळेतून थेट तुझ्याकडे यायचे, तेव्हा हे ऐकलंय. क्षमेबद्दल मी तुझ्याकडूनच शिकले, पण तू कधी क्षमेची घडी घालून आत काही ठेवलं नव्हतंस.

परवा मी वाफकाकांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, हातात घड्याळ, समोर गॅसवर कुकर. शिट्टीवर शिट्टी होत होती आणि ते हलत नव्हते. त्यांच्या बायकोने येऊन गॅस बंद केला. म्हणाली, "रोजचं झालंय हे. डाळीचा कोळसा झाला तरी उठत नाहीत. ह्यांना म्हणे वेळ मोजायचाय."

काका मला म्हणाले, "पंधरा मिनिटं नुसती बसून काढली तर किती वाटतात, ते बघतोय. फार लांब वाटतात गं. त्या दिवशी वरून तीनदा फोन आला होता, कुठाय सामान, कुठाय सामान. मी बाराव्या मिनिटाला तर नसेल उघडलं?"

"नाही काका."

"तुला काय माहीत? तू तर पलीकडे कात्र्या बांधत होतीस." मग हसले. "तुझी पट्टी काळी होती ना? मग चूक माझीच. पट्टी कशाला खोटं बोलेल, तिला थोडाच पगार मिळतो!"

आत्या, त्या क्षणी सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी पाणी प्याले आणि उठले.

त्यांची बायको जिन्यापर्यंत आली. म्हणाली, जेवत नाहीत, त्या बाळाचं नाव काय ठेवलं ते मला विचारत राहतात. मला कुठलं माहीत असणार? आणि म्हणाली, सात तारखेला हे कबूल करणार आहेत. मीच घाईत दार उघडलं, असं लिहूनसुद्धा ठेवलंय. "तुम्ही शिकलेल्या आहात, जरा वाचून बघता का, शुद्धलेखन बरोबर आहे का?"

मी कागद वाचला. शुद्धलेखन बरोबर होतं.

तू लिहिलंस, फार तर लवकर घरी बसतील. तसं नाही. ते माणूस मारल्याचं कबूल करणार आहेत, आणि ते त्यांना खरं वाटतंय. माझ्या सहीपुढे त्यांना स्वतःची आठवणसुद्धा खोटी वाटते. मूठ झाकलेली आहे खरी, पण आत ते चिरडले जातायत.

मी आता सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटत नाही. उघड्या डोळ्यांनी सिस्टरबाईंचा दारावरचा हात बघते. दारावर नवीन रबर बसवलं आहे. काल त्यांनी मला हळूच विचारलं, "आत्यांचं पत्र आलं? काय म्हणतात?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला कळला नाही.

वीस तारखेला काय आहे? सरळ लिही.

तुझी भाची


३ ऑक्टोबर

पोरी,

सरळ लिहिते.

माझ्या उजव्या छातीत गाठ आहे. आठ महिने झाले. पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती, आता लिंबाएवढी आहे. तुझ्या बापाला सांगितलेलं नाही. प्रार्थनासभेत दुसऱ्या बायकांच्या गाठींसाठी मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि स्वतःची तेवढी लपवली. का, ते विचारशील. लाज वाटली. आणि वाटलं, नाव घेतलं नाही तर जाईल. साठी उलटलेली बाई, पण अक्कल पोरासोरांची.

उन्हाळ्यात सिस्टरबाई आल्या होत्या, त्यांनी हात लावून पाहिलं आणि मला रागावल्या. तुमच्या रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांना स्वतः भेटल्या, विनवण्या केल्या आणि वीस तारखेची खाट धर्मादाय यादीतून मिळवली. ती खाट सिस्टरबाईंच्या शब्दावर आहे. शब्द गेला की खाट गेली.

त्यांचा हात तुझ्या खांद्यावर का होता, ते आता कळलं असेल. त्या वाईट नाहीत गं. मला वाचवायला धडपडतायत, तशाच त्या सात जणींसाठी धडपडल्या असतील. त्यांची तीच खोड आहे. अडलेल्याला नाही म्हणवत नाही, मग वाट वाकडी असली तरी.

मी तुला क्षमा शिकवली ती क्षमेसाठी नव्हती. माझ्या जिवासाठी होती. घडी घातली होती, तू बरोबर ओळखलंस.

काल दुपारपासून या पत्राशी बसले आहे. 'माझी काळजी करू नकोस, तू खरं बोल' हे वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. वर बघ, खाडाखोड दिसेल. मला ते लिहिता येत नाही. सगळं आयुष्य प्रभूच्या घरी जायची गाणी म्हटली, आणि आता दारात उभं राहून म्हणते, थांबा हो, माझी चप्पल सापडत नाही. मला जगायचं आहे, पोरी. असं काही मोठं काम राहिलेलं नाही. नुसतं जगायचं आहे.

आता मला विचारू नकोस. विचारलंस तर मी थांबच म्हणेन.

आत्या


८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र सहा तारखेला संध्याकाळी हातात पडलं. तू विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारलं नाही. शेजारणीकडे फोन करता आला असता. तू ओरडून 'थांब' म्हणाली असतीस आणि मी थांबले असते, हे मला माहीत होतं. म्हणून फोन केला नाही.

काल मी बोलले.

वाफकाका बाहेर बाकावर बसले होते, कागद चौघडी करून खिशात. आधी त्यांचं नाव होतं. मी शिपायाला म्हटलं, मला आधी जाऊ द्या. आत तिघं होते. बाहेरचे मोठे डॉक्टर मधे. तू सांगितलं होतंस तसं आटोपशीर बोलले. रडले नाही. पट्टी फिकट होती, मी काळी चिकटवली, सही माझी, दोष यंत्राचा होता, वाफकाकांचा नाही. एवढंच. तीन मिनिटंही लागली नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, "खरी पट्टी कुठे आहे?"

"कचऱ्यात टाकली."

"मग पुरावा काय? आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"हे सांगून माझं काहीच भलं होत नाही, म्हणून," मी म्हटलं. याहून चांगलं उत्तर मला सुचलं नाही.

काळी पट्टी कोणी दिली, हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग सिस्टरबाईंना बोलावलं. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांच्या साबणाचा वास येत होता. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. शिपाई जाऊन खण घेऊन आला. त्यात आणखी अकरा काळ्या पट्ट्या होत्या. म्हणजे अकरा ऑगस्टची सकाळ ही एकच सकाळ नव्हती, किंवा एकच राहणार नव्हती. डॉक्टरांनी त्या टेबलावर एका रांगेत मांडल्या.

बाहेर आल्यावर सिस्टरबाईंनी एवढंच विचारलं, "आत्यांना मी सांगू की तू?"

मी म्हटलं, "मी."

त्या जिन्याने खाली गेल्या, सवयीने. खालच्या दारावर त्यांना अडवलं.

वाफकाकांना शिपायाने सांगितलं, तुमचं काम नाही, घरी जा. ते माझ्याकडे आले. "म्हणजे मी नाही?"

"नाही काका. वाफ सकाळपासूनच आत पोचत नव्हती. मला माहीत होतं."

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. पण त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत कोणी तो चढलेला ऐकला नसेल. "माहीत होतं? आणि माझ्या घरी येऊन पाणी पिऊन गेलीस? माझा कागद वाचलास, शुद्धलेखन तपासलंस?" सगळे बघत होते. ते निघून गेले. त्यांनी मला क्षमा केलेली नाही आणि मी मागितलीही नाही. मागायची लायकी यायला वेळ लागेल.

मला कामावरून काढलं आहे. कागद पोलिसांकडे जाणार आहेत, त्यात माझं नाव सिस्टरबाईंच्या खाली आहे. आईला सांगितलं. ती शेजारी गेली नाही. बाबा म्हणाले, "पदवी नसती तर तुझी सही कोणी मागितलीच नसती," आणि बाहेर जाऊन बसले. तुझ्या गाठीबद्दलही मी त्यांना सांगितलं, तुला न विचारता. ते उद्या पहिल्या गाडीने तुझ्याकडे यायला निघतायत.

आज सकाळी मी वरच्या मजल्यावर जाऊन तुझ्या खाटेचं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी वही बघितली. तुझं नाव होतं, त्यावर रेघ होती. शाई अजून ताजी वाटली. मी त्यांच्याशी भांडले नाही. रेघ खरं तर मीच मारली होती, त्यांनी फक्त पेन धरलं.

हे मी तुला गोड करून सांगणार नाही. एका माणसाला त्याच्या हातून न झालेल्या पापातून बाहेर काढायला मी तुझी खाट दिली. माझं काही द्यायचं असतं तर सोपं होतं. तुझं दिलं. तू मला वाढवलंस, शिकवलंस, आणि मी तुझ्या जिवाशी असं वागले. प्रभूसमोर ते बरोबर होतं का, मला वाटतं हो. तुझ्यासमोर बरोबर होतं असं म्हणायची मला हिंमत नाही. तू रागावलीस तर ते सोसायची तयारी आहे. पत्र लिहिणं बंद केलंस तरी मी लिहीत राहीन.

तिथून मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी रुग्णालयात गेले. साडेनऊपासून रांगेत उभी होते. पुढच्या बाईने स्वतःची पिशवी माझ्या हातात देऊन तीनदा खाली बसून घेतलं, तिला उभं राहवत नव्हतं. तिलाही छातीचंच. दुपारी दोनला खिडकीपाशी पोचले. कारकुनाने विचारलं, रोगी कुठाय? मी म्हटलं, येतेय. किती महिने झाले? आठ. त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मोठी वही उघडली. शस्त्रक्रियेला साधारण सात आठवडे लागतील म्हणाला. मी विचारलं, सात आठवड्यांत गाठ किती वाढते? तो म्हणाला, "बाई, मी नावं लिहितो."

तुझ्या आधी चाळीस जणी आहेत. मी तुझं नाव, वय आणि पत्ता सांगितला, आणि एकेचाळिसाव्या ओळीत लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

तुझी भाची